कऱ्हाडातला र

निरोपसमारंभ म्हटला की माझ्या पोटात गोळा येतो. मास्तरकीच्या धंद्यात असे समारंभ पुष्कळ पाहावे लागतात. एक हार, एक शाल, एक नारळ, आणि 'सरांच्या जाण्याने निर्माण होणारी पोकळी'. ही पोकळी मी स्वतः निदान पंधरा वेळा भाषणातून निर्माण केली आहे. सत्कारमूर्ती तेवढा वेळ आपल्या पायांच्या अंगठ्याकडे पाहत बसलेली असते, आणि टाळ्या वाजल्या की दचकते. पुढे महिन्याभराने तोच माणूस पेन्शनच्या कागदासाठी ऑफिसच्या दाराशी उभा दिसतो, आणि त्याला खुर्ची द्यावी हे कोणाच्या लक्षात येत नाही.

त्यामुळे २०२५ च्या मे अखेरीस दादांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला पुण्याला यायचे, असे वहिनींनी फोनवर बजावले तेव्हा मी आधी शेतीची, मग पावसाची सबब सांगून पाहिली. पावसाची सबब खरी होती. त्या वर्षी मे महिन्यातच आभाळ फाटले होते. वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या बाजूनं कराडचं कोणीच नसेल मग." यावर उत्तर नव्हते. छत्री घेऊन एसटीत बसलो.

दादा म्हणजे आमच्या शेजारच्या घरातले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणे, एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मी लहान असताना शाळा सुटली की त्या छापखान्याच्या पायरीवर जाऊन बसत असे. अण्णा तिरप्या केशीसमोर उभे असत. केशीत शेकडो खण. अण्णांची नजर हस्तलिखितावर आणि हात खणांवर. कोणता खिळा कोणत्या खणात आहे हे त्यांचे बोटच जाणत असे. शिसे बोटांना लागून लागून त्यांच्या नखांना एक करडा रंग आला होता, तो लग्नकार्यातसुद्धा जात नसे.

केशीच्या उजव्या कोपऱ्यात एक खण अण्णा कोणाला हात लावू देत नसत. त्यात अर्धा र होता. हा अर्धा र म्हणजे रफार नव्हे. रफार अक्षराच्या डोक्यावर चढून बसतो, 'सूर्य' आणि 'कार्य' या शब्दांत. हा र अक्षराच्या अलीकडे, एखाद्या लवलेल्या पापणीसारखा आडवा असतो, 'गुऱ्हाळ' आणि 'बिऱ्हाड' या शब्दांत. हिंदीला त्याची गरज नाही. आपल्याला मात्र त्याच्यावाचून घडीभर चालायचे नाही. 'शेतकऱ्याला' म्हणायचे तर तो पाहिजे, 'पायऱ्या' चढायच्या तर तो पाहिजे. तो नसेल तर दऱ्यांचा दर्या होतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या जमाखर्चात एकदा 'आचाऱ्यांचे मानधन' या जागी 'आचार्यांचे मानधन' असे छापून आले होते, आणि जेवण करणारा गृहस्थ वर्षभर ऐटीत फिरत होता.

आणि आमच्या गावाचे तर नावच त्या 'र'वर उभे. आज पाटीवर सरसकट 'कराड' लिहितात. पण जुनी माणसे 'कऱ्हाड' लिहीत आणि तसेच म्हणत. ते जुन्या 'करहाटक'पासून आले. भारहूतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत 'करहाकट' गावचे लोक आहेत, आणि ते गाव आमचेच असे इतिहासाचे जाणकार मानतात. दोन हजार वर्षांत त्या नावातला मधला 'ह' कोयनेच्या पाण्यात वाहून गेला नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र गेला. अण्णांना हे मान्य नव्हते. लग्नपत्रिकेचा मजकूर कोणी 'कराड' असा लिहून आणला तरी ते जुळवताना 'कऱ्हाड' जुळवत. गिऱ्हाईक कुरकुरले की म्हणत, "नाव गावाचं आहे. तुमच्या घरचं नाही."

दादा शिकले कराडातच, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात. हे महाविद्यालय १९६० सालचे, म्हणजे महाराष्ट्राच्या वयाचे. दादांची पदवी झाली आणि १९८९ साली ते पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेत संगणकाचे प्रोग्राम लिहायला लागले. तो काळ पुण्यात मोठ्या धामधुमीचा. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून १९८८ साली 'सी-डॅक' ही संस्था काढली गेली, आणि विजय भटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांत, १९९१ साली, 'परम' हा महासंगणक उभा केला. भटकर अकोल्याकडच्या मुरंब्याचे. म्हणजे वऱ्हाडचे. म्हणजे तेही या अर्ध्या 'र'चे देणेकरी!

पण दादांच्या वाट्याला महासंगणक आला नाही. त्यांच्या वाट्याला अक्षरे आली.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडे कळतात, एवढे दादांनी मला एका दिवाळीत ओट्यावर बसून समजावले होते. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आधीच देऊन झाला होता. एका घरात बसणाऱ्या २५६ जागांपैकी पहिल्या १२८ त्यांनी घेतल्या. उरलेल्या १२८ जागांत आपल्या साऱ्या लिप्या बसवायच्या. कानपूरच्या आयआयटीत सिन्हा आणि मोहन तांबे या मंडळींनी यावर काम केले. पुढे तांबे पुण्याला सी-डॅकमध्ये आले आणि 'जिस्ट' नावाचे कार्ड निघाले. ते संगणकात खोचले की इंग्रजी यंत्र देवनागरी बोलू लागे. त्यातली खुबी मला फार आवडली. त्यांनी लिपीला क्रमांक दिलेच नाहीत, उच्चाराला दिले. 'क' मराठीतला असो, गुजरातीतला असो की तमिळमधला, क्रमांक एकच. कोणत्या वळणाने काढायचा ते नंतर ठरवायचे. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने त्याचे प्रमाणच ठरवून टाकले. त्याला इस्की म्हणतात.

"आणि आपला र?" मी विचारले होते.

दादा हसले. "त्याची गंमतच आहे. तमिळमध्ये एक निराळा र आहे. तो देवनागरीत दाखवायला खाली टिंब असलेला र ठेवलेला होता, ऱ. त्याचा पाय मोडला की आपला अर्धा र उमटेल, असं ठरलं. मी तिथं जायच्या आधीच ठरलं होतं. मराठीचं बिऱ्हाड तमिळच्या ओसरीवर!"

पुढे साऱ्या जगाच्या लिप्यांची एक वही झाली, तिला युनिकोड म्हणतात. तिच्यात देवनागरी या इस्कीवरूनच घेतली. त्या वहीत 'र'चा क्रमांक २३५२ आणि टिंबाच्या 'ऱ'चा २३५३. दादांचे काम काय, तर हे सारे पडद्यावर ठीक उमटते की नाही ते पाहायचे, न उमटले तर प्रोग्राममध्ये शिरून कारण काढायचे. ऐकायला हे सोपे वाटते. पण अक्षर जोडताना कोणी कोणाच्या आधी यायचे, वेलांटी कुठे जायची, रफार कोणावर चढायचा, याचे नियम आपण पहिलीच्या पोराला नकळत शिकवतो. यंत्राला ते एकेक करून सांगावे लागतात, आणि ते कधीच नकळत शिकत नाही. सुट्टीत कराडला आले की दादा वही घेऊन पेठेतल्या म्हाताऱ्यांना 'र'चे शब्द विचारत फिरायचे. माझ्या आजीने त्यांना 'चऱ्हाट' दिले होते. ते तिने चार दिवस सगळ्यांना सांगितले.

अण्णांचा छापखाना एव्हाना बंद पडला होता. शिसे मोडीत गेले. अण्णांनी केशीतून एकच खिळा उचलून आणला, तो कोणता हे सांगायला नको. एकदा दादांनी अण्णांना पुण्याला नेले आणि आपल्या टेबलापाशी बसवून पडद्यावर 'कऱ्हाड' उमटवून दाखवले. अण्णांनी चष्मा वर केला, नाक पडद्याला लावले, आणि म्हणाले, "खिळा झिजलाय." ठिपक्याठिपक्यांचे ते अक्षर, त्या काळच्या पडद्यावर तेवढेच यायचे. पण जाताना त्यांनी स्वतःचा तो खिळा दादांच्या टेबलावर ठेवला. "याच्यावर बघून कर," म्हणाले.

अक्षरांना खरे रूप यायला आणखी काही वर्षे लागली. विंडोज २००० बरोबर 'मंगल' नावाचे वळण घरोघरी पोहोचले. ते कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी काढलेले. दादा जोश्यांचे नाव निघाले की कानाच्या पाळीला हात लावत. २००८ साली जोशी गेले. त्याच साली आपल्या 'ॲ'ला त्या जगाच्या वहीत स्वतःची जागा मिळाली. तोवर 'ॲडमिशन' लिहायचे म्हणजे 'अ'च्या डोक्यावर चंद्र ठोकून बसवावा लागे आणि तो वेळीअवेळी गळून पडे.

मधल्या काळात, २००४ साली, अण्णा गेले.

ती गोष्ट मी कधी लिहिली नसती, पण समारंभात दादांनी स्वतःच सांगितली, म्हणून लिहितो. तेराव्याच्या पत्रिकेचा मजकूर दादांनी पुण्याहून स्वतः टाइप करून एका छपाईच्या दुकानात पाठवला. घाई होती, मी ती पत्रिका दुकानातून आणून थेट वाटायला घेतली. रात्री दादा पोहोचले. त्यांनी पत्रिका हातात घेतली आणि ओट्यावर खाली बसले. मला वाटले, रडू आले असेल. त्यांनी बोट ठेवून दाखवले. खाली पत्त्यात छापले होते: 'कर्हाड'. 'ह'च्या डोक्यावर रफार. आयुष्यभर त्या एका अक्षराचा खण जपणाऱ्या माणसाच्या पत्रिकेत, आणि त्याच अक्षराचा पगार घेणाऱ्या मुलाच्या हातची.

चूक दुकानदाराचीही म्हणता यायची नाही. अर्धा र लिहायचा दुसराही एक रस्ता आहे. साधा र घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा, आणि पुढे एक सांधा टाकायचा. हा सांधा म्हणजे एक अक्षरच, क्रमांक ८२०५. पण त्याला रुंदी नाही, शाई नाही, ते दिसत नाही. त्याचे काम एवढेच की 'र'ला सांगायचे, वर चढू नकोस, इथेच थांब. दादांनी त्या रस्त्याने लिहिले होते. दुकानातल्या संगणकाने तो मजकूर आपल्या जुन्या टंकात बदलून घेतला. त्याला तो न दिसणारा सांधा निरुपयोगी वाटला, त्याने तो गाळला, आणि 'र' टुणकन 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसला.

दादांनी त्या रात्री उरलेल्या पत्रिका घेतल्या आणि काळ्या शाईने एकेक दुरुस्त करत बसले. मी म्हणालो, "दादा, लोक वाचत नाहीत हो एवढं." ते काही बोलले नाहीत. साठ-सत्तर पत्रिका झाल्यावर वहिनींनी दिवा मालवला.

माझी स्वतःचीही एक चूक इथे सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली. शिष्यवृत्तीची यादी लागली होती, ती संगणकावर आली होती. मुलीच्या आडनावात तो र होता. मी आडनाव टाइप केले, शोध म्हटले, यंत्राने सांगितले, नाही. मी बाईंना सांगितले, नाव नाही. बाई 'बरं' म्हणून गेल्या. दिवसभराची मजुरी बुडवून आल्या होत्या. रात्री मला चैन पडेना. सकाळी यादी उघडून पहिल्यापासून बोट फिरवत गेलो, तर नाव होते. डोळ्यांनी पाहिले तर जसेच्या तसे. मी दादांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"यादी करणाऱ्यानं टिंबाचा र घेतला असेल," शेवटी ते म्हणाले, "आणि तू सांध्याचा. दिसायला एकच. आत आकडे निराळे. बऱ्याच ठिकाणी यंत्र दोन्ही एक मानत नाही."

"मग हे तुम्ही लोकांनी एक का नाही केलं?"

"जुनं लिहिलेलं मोडू नये म्हणून दोन्ही चालू ठेवलेत," ते म्हणाले. मग हळूच, "त्या बाईंना सांगितलंस का?"

सांगितले होते. चालत त्यांच्या वस्तीवर जाऊन सांगितले होते.

तर तो समारंभ. पुण्याला पोहोचलो तेव्हा भिजून चिंब झालो होतो. सभागृह लहान, पण भरलेले. पुष्कळशी मुले-मुली पंचविशीतली, गळ्यात ओळखपत्रे. शाल झाली, नारळ झाला. एका साहेबांनी इंग्रजीतून पोकळी निर्माण केली. एका मुलीने मात्र छान सांगितले. ती म्हणाली, "सर माझ्या कामात चूक दाखवायचे तेव्हा कधी 'चुकलं' म्हणायचे नाहीत. 'हे मोठ्यानं वाच' म्हणायचे. पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं की माझं मलाच कळायचं." हे ऐकून मी, मास्तर, मनातल्या मनात ओशाळलो.

मग दादा उठले. मला वाटले, आता मोठमोठ्या यंत्रांच्या गोष्टी निघणार. दादा पाचसहा मिनिटेच बोलले. म्हणाले, "मी छत्तीस वर्षं प्रोग्राम लिहिले. काल संध्याकाळी मी बसून पाहिलं, त्यातली माझी किती ओळ आज कुठं चालू आहे. एकही नाही. सगळं कोणी ना कोणी पुन्हा लिहिलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. गवंड्याची भिंत राहते. आमची राहत नाही. याचं मला पहिली दहा वर्षं वाईट वाटायचं."

मग त्यांनी पत्रिकेची गोष्ट सांगितली. समोरची पोरे हसता हसता गप्प झाली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आणि आमच्या गावात एका मास्तरांना एका मुलीचं नाव सापडलं नव्हतं. ते दोन र अजून दोनच आहेत. हे काम माझ्याकडून राहिलं. ते कोणाच्या नावावर टाकायचं ते साहेबांनी ठरवावं." साहेब हसले, कारण त्यांना तो विनोद वाटला. ती मोठ्याने वाचणारी मुलगी मात्र हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहून घेतले. काय लिहिले कोण जाणे. पण मला एकदम बरे वाटले.

टेबलाचा खण रिकामा करायला मी बरोबर गेलो. छत्तीस वर्षांचे सामान एका पिशवीत मावले. एक डबा, दोन वह्या, चष्म्याचे घर. खिळा त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला. दाराशी ओळखपत्र काढून दिले तेव्हा शिपायाने विचारले, "साहेब, पावती हवी का?" "दे," दादा म्हणाले, आणि ती पावती घडी घालून खिळ्याशेजारी ठेवली.

आता दादा कराडात असतात. सकाळी प्रीतिसंगमावर फिरून येतात. तिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. बाहेरगावचे लोक कोणती कुठली म्हणून विचारतात आणि दादा त्यांना अगदी पाटीवरच्यासारखे खुलासेवार सांगतात. येता येता चहाला माझ्याकडे. परवा माझी नवी कादंबरी संगणकावर उघडलेली पाहिली आणि म्हणाले, "बघू, 'कऱ्हाड' शोध." मी शोधले. एकवीस ठिकाणी निघाले. मग त्यांनी स्वतः कळफलक ओढून तोच शब्द दुसऱ्या रस्त्याने लिहिला आणि शोधला. आणखी चार निघाले. माझ्याच कादंबरीत, माझ्याच हातचे, सहा आकड्यांचे एक कऱ्हाड आणि सात आकड्यांचे दुसरे! काही भाग मी मोबाइलवर लिहिला होता, त्याचा हा प्रताप असावा. त्या चार जागा आम्ही दोघांनी बसून एक केल्या. चहा गार झाला.

माझी धाकटी तेवढ्यात शाळेतून आली. तिने दादांच्या खिशातला खिळा मागितला. माझ्या टेबलावरचे शिक्क्याचे पॅड उघडले, खिळा त्यावर दाबला आणि वहीच्या कोऱ्या पानावर उमटवला. निळ्या शाईतली एक आडवी पापणी. अण्णा म्हणाले होते तसा मुळीच झिजलेला नव्हता.

"आजोबा, हे वाचायचं कसं?"

"एकटं नाही वाचता येत. पुढं 'हाड' लिही, आणि मागं 'क'."

तिने पुढे 'हाड' लिहिले. पण खिळा उमटवला होता अगदी समासाच्या रेघेला चिकटवून. मागे 'क' कुठे बसवावा म्हणून ती वही फिरवून फिरवून पाहू लागली, आणि दादा चष्मा वर करून तिच्या वहीत वाकले.